साडेसात हजारांचा सूक्ष्मदर्शक आणि रक्तातले भक्षक

बारावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने गेल्या मार्चमध्ये जीवशास्त्राचे पुस्तक माझ्यापुढे उघडून धरले आणि विचारले, ‘आजोबा, हे पीएमएनएल म्हणजे दिसते तरी कसे?’ त्या पुस्तकात उपजत प्रतिकारशक्तीचे चार अडथळे सांगितलेले आहेत. पहिला त्वचेचा व श्लेष्मल पटलांचा, दुसरा जठरातील आम्ल, लाळ आणि अश्रू यांचा, तिसरा रक्तातील व ऊतींतील पेशींचा (पीएमएनएल या पांढऱ्या पेशी त्यांतल्याच) आणि चौथा इंटरफेरॉनसारख्या प्रथिनांचा. एवढ्या मोठ्या विषयाला जेमतेम अर्धे पान मिळाले आहे आणि चित्र एकही नाही. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी 36 वर्षे गेली; परंतु प्रयोगशाळेत रोज हाताळलेले यंत्र आपल्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी असावे, असे मला कधी वाटले नव्हते. नातीच्या त्या प्रश्नानंतर मात्र आम्ही दोघे राजवाड्याजवळच्या एका शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात गेलो आणि साडेसात हजार रुपयांना एक विद्यार्थी सूक्ष्मदर्शक घेऊन आलो. आठ महिने वापरल्यानंतर त्याविषयी लिहीत आहे. असेच यंत्र घरासाठी घ्यावे की नाही, अशी विचारणा ओळखीच्या दोन-तीन पालकांनी केली, हेही लिहिण्याचे एक कारण आहे.

यंत्र अंबाल्याच्या बनावटीचे आहे. आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांतील बहुतेक उपकरणे तिथूनच येतात, त्यामुळे त्याचा बाज मला ओळखीचा होता. एका डोळ्याने पाहण्याची नळी, ओतीव धातूचे जड बूड, 4, 10, 40 आणि 100 पटींची चार वस्तुभिंगे, 10 आणि 20 पटींच्या दोन नेत्रिका (डोळ्याकडची भिंगे), खाली एलईडीचा दिवा आणि प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाला लहान-मोठी होणारी पडदी, असा एकंदर ऐवज आहे. सोबत सीडरच्या तेलाची छोटी बाटली, पाच तयार काचपट्ट्या आणि मोबाइल अडकवण्याचा एक प्लॅस्टिकचा चिमटा मिळाला. तो चिमटा पहिल्याच आठवड्यात तुटला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘2000 पट’ असे छापलेले आहे आणि दुकानदाराने त्यात आपली भर घातली, ‘बाऊजी, बैक्टीरिया-वायरस सब दिखेगा।’ या दोन्ही विधानांची झडती घेणे हे परीक्षणकर्त्याचे पहिले काम आहे. दृश्य प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहायचे म्हटले की सुमारे 0.2 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत आणि ही मर्यादा पैशाने किंवा कारागिरीने ओलांडता येत नाही. वस्तुभिंगाच्या अंगावर पटींच्या शेजारी, भिंगाची प्रकाश गोळा करण्याची क्षमता सांगणारा, दुसरा एक आकडा कोरलेला असतो. माझ्या यंत्रातील 40 पटींच्या भिंगावर तो 0.65 आहे आणि 100 पटींच्या तेलाच्या भिंगावर 1.25 आहे. त्या आकड्याच्या साधारण हजारपट एवढेच वर्धन उपयोगाचे, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे या यंत्राची खरी धाव साडेबाराशेपर्यंत आहे. 20 पटींची नेत्रिका लावून मिळणारे 2000 हे एखादे धूसर छायाचित्र ताणून मोठे करण्यासारखे आहे. मी ती नेत्रिका डबीत घालून ठेवली आहे. करोनाचा विषाणू 0.1 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यामुळे तो या यंत्रातून दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

जंतूंचे विधान मात्र खरे ठरले. घरच्या दह्याचा टाचणीच्या टोकाएवढा अंश पाण्यात कालवून काचेवर वाळवला, मेथिलीन ब्लूने रंगवला आणि तेलाच्या भिंगाखाली धरला, तेव्हा काड्यांसारखे आणि मण्यांच्या माळांसारखे जीवाणू स्वच्छ दिसले. दह्याने आरंभ करण्यात माझा थोडा खोडसाळपणाही होता. ज्या शास्त्रज्ञाच्या कामासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला होता, तो इल्या मेच्निकॉफ उतारवयात आंबट दुधाच्या एवढा नादी लागला की दही खाल्ल्याने आयुष्य वाढते या त्याच्या मतामुळेच पुष्कळांना तो ठाऊक आहे. त्याला 1908 साली नोबेल मिळाले ते दह्यासाठी नव्हे, हे नातीला सांगावे लागले.

ते मिळाले जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींसाठी. 1882 च्या हिवाळ्यात मेच्निकॉफ सिसिलीतील मेसिना या गावी राहत होता. घरची मंडळी सर्कशीतील माकडे पाहायला गेलेली असताना तो एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमधील हिंडत्या पेशी न्याहाळत होता. या पेशी बाहेरून घुसलेल्या वस्तूवर चालून जात असल्या पाहिजेत, अशी कल्पना त्याच्या मनात आली. त्याने अंगणातील गुलाबाचे काटे काढून ते अळ्यांच्या कातडीखाली खुपसले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. आपल्या बोटात काटा मोडून राहिला की दोन दिवसांत तिथे पू धरतो. त्या पुवातही मुख्यतः हेच असते, चालून आलेल्या आणि कामी आलेल्या पांढऱ्या पेशी. रक्तातील प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) हाच प्रतिकाराचा खरा आधार आहे, असे मानणारा जर्मन पक्ष त्या काळी प्रबळ होता. त्या पक्षाच्या पॉल एर्लिखला आणि मेच्निकॉफला नोबेल विभागून देण्यात आले. आधी सामना करून न ठेवलेल्या जंतूवरही काही तासांत चालून जाणारी उपजत यंत्रणा आणि ओळख पटवून, दिवसांनी तयार होऊन, पुढे ती ओळख लक्षात ठेवणारी दुसरी यंत्रणा, असे आज आपण जे दोन भाग पाडतो, ते जणू त्या विभागणीतच मांडलेले आहेत.

माझ्या लेखी यंत्राची परीक्षा एकच होती. मेच्निकॉफच्या या पेशी, तो दाखवी तशा, साडेसात हजारांत घरी दिसतात का?

सोबतच्या पाच तयार पट्ट्यांचा यासाठी काहीही उपयोग नाही. ‘मानवी रक्त’ अशी चिठ्ठी असलेल्या पट्टीवर पेशी एकमेकींवर चढलेल्या आणि रंग विटलेला होता. उरलेल्या चार कांद्याच्या सालीच्या व वनस्पतींच्या खोडाच्या आहेत आणि त्या शाळेत कोणीही पाहिलेल्या असतात. तेव्हा पट्टी स्वतःच करावी लागली. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक सुईने मी माझे बोट टोचले (रक्त स्वतःचेच घ्यावे, सुई एकदाच वापरावी आणि हा भाग मोठ्या माणसाने करावा), थेंब काचेवर घेऊन दुसऱ्या काचेच्या कडेने ओढला, वाळवला आणि लीशमन रंग घातला. रंग मेथेनॉलमध्ये केलेला असल्याने तो विषारी आणि ज्वालाग्राही आहे. स्वयंपाकघरात हे उद्योग करू नयेत, हे मला घरातूनच सुनावण्यात आले. पहिल्या तीन पट्ट्या निळ्याकुट्ट झाल्या. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या नळाच्या पाण्याचा होता: रंगात मिसळायचे पाणी आम्लारी असले की गुलाबी दिसायला हव्यात त्या लाल पेशी निळसर दिसू लागतात. बॅटरीवाल्याकडून ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली आणली आणि चौथी पट्टी साधली.

त्या पट्टीवर 40 पटींच्या भिंगाखाली जे दिसले, त्याबद्दल या यंत्राचे पुष्कळ अपराध मी पोटात घालायला तयार आहे. फिक्या गुलाबी लाल पेशींच्या पसाऱ्यात, साधारण सहाशे-सातशे लाल पेशींमागे एक, अशा जांभळ्या केंद्रकाच्या पांढऱ्या पेशी विखुरलेल्या असतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. पुस्तकातले पीएमएनएल म्हणजे याच. केंद्रकाचे तीन-चार तुकडे बारीक धाग्यांनी जोडलेले, आकार लाल पेशीच्या जवळजवळ दुप्पट, अंगभर फिकट कण. तेलाच्या भिंगाखाली ते धागेही दिसले. नातीने शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या आणि वहीत लिहिले: न्यूट्रोफिल 61, लिम्फोसाइट 30, मोनोसाइट 6, इओसिनोफिल 3. त्याच आठवड्यात मधुमेहाच्या तपासणीसोबत माझे रक्त प्रयोगशाळेत गेले होते, तिथल्या अहवालात न्यूट्रोफिल 58 टक्के होते. शंभरच पेशींच्या मोजणीत एवढी तफावत व्हायचीच. तरीही कागदावरचा तो आकडा कोठून येतो हे तिला त्या दिवशी कळले, असे मला वाटते.

रंगाच्या बाटलीवरील नावाचीही एक कथा आहे आणि ती याच विषयाची आहे. विल्यम लीशमन हा ब्रिटिश लष्करातील वैद्य. कलकत्त्याजवळच्या डमडमहून आजारी होऊन परतलेल्या आणि पुढे दगावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत त्याला सूक्ष्म गोलसर पिंड दिसले. त्याने ते 1903 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हनलाही ते सापडले. काळा आजाराचा तो परजीवी आज दोघांच्या नावाने, लीशमानिया डोनोव्हनी म्हणून, ओळखला जातो. हा परजीवी राहतो मॅक्रोफेज पेशींच्या पोटात, म्हणजे ज्यांनी त्याला गिळून पचवायचे त्यांच्याच आत, आणि तिथेच वाढतो. क्षयाचा जंतूदेखील असाच बिलंदर आहे. मॅक्रोफेज त्याला गिळतो. परंतु गिळलेली पिशवी पाचक रसांच्या पिशवीशी एकरूप होऊ नये, अशी व्यवस्था तो आतून करून ठेवतो. यजमान आणि रोगजंतू यांचे नाते म्हणजे किल्ला आणि वेढा एवढेच असते, तर विषय फार सोपा झाला असता. येथे शत्रू अनेकदा पहारेकऱ्याच्याच खोलीत बिऱ्हाड करून राहतो. हे अर्थातच माझ्या यंत्रातून मी पाहिलेले नाही आणि घरी कोणी पाहण्याचा प्रयत्नही करू नये.

पाहण्याजोगा प्रयोग आम्ही मे महिन्यात केला. आच्छादक काचेवर रक्ताचा मोठा थेंब घेतला आणि ओल्या कापसाच्या डबीत अर्धा-पाऊण तास ठेवला. थेंब गोठतो, मग मिठाच्या निर्जंतुक पाण्याने गुठळी हलकेच धुऊन काढली की लाल पेशी निघून जातात आणि काचेला घट्ट चिकटण्याची खोड असलेल्या न्यूट्रोफिल व मोनोसाइट मागे उरतात. या पेशींना अंगातली ऊब लागते. प्रयोगशाळेत त्यासाठी उबकपेटी असते; इंदूरच्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता आमच्या वरच्या खोलीतील तापमापक 37 अंश दाखवत होता, तेव्हा ती सोय फुकट झाली. उकळून मारलेले बेकरीचे यीस्ट आम्ही गुठळीतून सुटलेल्या पिवळसर रक्तद्रवात कालवले आणि त्या पेशींवर सोडले; दुसऱ्या काचेवर तेच यीस्ट नुसत्या मिठाच्या पाण्यात कालवून सोडले. अर्ध्या तासाने दोन्ही धुऊन रंगवल्या. पहिल्या काचेवर बऱ्याच न्यूट्रोफिल पेशींच्या पोटात एक-दोन, क्वचित तीन यीस्ट गच्च भरलेले होते आणि केंद्रक एका बाजूला रेटले गेले होते. दुसऱ्या काचेवर असे दृश्य शोधून काढावे लागले.

हा फरक का पडला, याचे उत्तर रक्तद्रवातील काही प्रथिनांमध्ये आहे. ती परक्या पेशीच्या पृष्ठावर जाऊन चिकटतात आणि भक्षकाला जणू घास तिखट-मीठ लावून पुढे करतात. अल्मरॉथ राइटने 1903 मध्ये त्यांना ऑप्सोनिन हे नाव दिले. त्यांत पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनांचा वाटा मोठा असतो आणि तो घटक 56 अंशांवर अर्धा तास तापवल्यास निकामी होतो. तसा तापवलेला रक्तद्रव घेऊन तिसरी काच आम्ही गॅसवरच्या पातेल्यात तापमापक धरून करून पाहिली. पातेल्यातील पाणी सत्तरच्या वर गेले, रक्तद्रव गढुळला आणि प्रयोग फसला. तो पुन्हा करायचा आहे.

येथे यंत्राच्या एका दोषाची नोंद केली पाहिजे, कारण नेमक्या अशा वेळी तो नडतो. काचपट्टी सरकवण्याची यांत्रिक चौकट या नमुन्यात नाही, नुसत्या दोन कमानी पट्ट्या आहेत. 40 पटींखाली बोटाने पट्टी सरकवताना आधी पाहिलेली पेशी पुन्हा सापडत नाही आणि शंभर पेशी मोजायच्या म्हणजे तीच पेशी दोनदा मोजली जाण्याचा धोका राहतो. नंतर मी ही चौकट वेगळी विकत घेऊन बसवली, तिला नऊशे रुपये पडले. दुकानदाराने ही गोष्ट आधीच सांगायला हवी होती. सूक्ष्म जुळणीच्या चाकाला किंचित मोकळेपणा आहे, दिशा बदलली की पाव फेरा वाया जातो. त्याची सवय होते. 100 पटींचे भिंग फिरवून आणले की मध्यबिंदू थोडा सरकतो, त्यामुळे पाहायची पेशी आधी डाव्या अंगाला ठेवून मग भिंग बदलण्याची युक्ती मी शोधली आहे. असली युक्ती शोधावी लागणे हे यंत्राला भूषणावह नव्हे.

आणखी एक इशारा पट्ट्या करणाऱ्यांसाठी देतो. थराच्या टोकाला काही पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा जाळीदार जांभळा डाग पसरलेला दिसतो. न्यूट्रोफिल पेशी जंतूंना पकडण्यासाठी स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर टाकतात, हे 2004 मध्ये दाखवण्यात आले आणि नातीने ते कुठेतरी वाचले होते, त्यामुळे तिला आनंद झाला की आपल्याला ते जाळे सापडले. ते जाळे नव्हते, माझ्या हाताचा दाब होता. अशी जाळी ओळखण्यासाठी वेगळे चमकणारे रंग आणि वेगळा सूक्ष्मदर्शक लागतो.

न्यूट्रोफिलला यीस्ट परके आहे हे कळते कसे, हा तिचा पुढचा प्रश्न होता आणि तिथे आमचे यंत्र हात टेकते. चार्ल्स जेनवेने 1989 मध्ये असे मांडले की या पेशींजवळ जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असले पाहिजेत; 1996 मध्ये जूल्स हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की टोल नावाचे जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीपुढे टिकाव धरत नाही; 1998 मध्ये ब्रूस बॉयट्लरच्या गटाला उंदरांत त्याच कुळातला, जीवाणूंच्या कवचातील विष ओळखणारा ग्राहक सापडला. हॉफमन आणि बॉयट्लर यांना 2011 चे अर्धे नोबेल मिळाले. हे ग्राहक म्हणजे पेशीच्या आवरणातील एकेक रेणू. ते साडेसात हजारांच्याच काय, साडेसात लाखांच्या साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातूनही डोळ्यांना दिसणार नाहीत. खाणे दिसते, ओळखणे दिसत नाही, असे मी तिला सांगितले.

जुलैत पाऊस लागला आणि ऑगस्टमध्ये 40 पटींच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसू लागली. ती बुरशी होती. लाकडी पेटीत कापडासह ठेवलेल्या भिंगाला स्वतःची प्रतिकारशक्ती नसते, हे मला कळायला हवे होते. दुकानात नेले तर ‘हमी फक्त दिव्याची आहे’ असे उत्तर मिळाले. शेवटी एका चष्मेवाल्याने भिंग उघडून पुसून दिले आणि पैसे घेतले नाहीत. आता पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि दर पंधरवड्याला त्या तव्यावर गरम करून सुकवतो.

थंडी सुरू झाल्यावर शोभेच्या माशांच्या दुकानातून जिवंत खाद्य म्हणून मिळणाऱ्या पाणपिसवा आणल्या. मेच्निकॉफने 1884 मध्ये याच जातकुळीच्या डाफ्निया या प्राण्यात एक संपूर्ण लढाई पाहिली होती. एका यीस्टचे सुईसारखे बीजाणू आतड्याच्या भिंतीतून आरपार शरीरात घुसतात, रक्तपेशी त्यांच्यावर तुटून पडतात, पेशींची सरशी झाली तर प्राणी वाचतो आणि बीजाणू रुजले तर मरतो. आमच्या पाणपिसवा निरोगी निघाल्या. 10 पटींच्या भिंगाखाली, पडदी अर्धी मिटून पाहिले असता, काचेसारख्या अंगातून भराभर ठोके देणारे हृदय दिसते आणि 40 पटींखाली त्याच्याभोवती वाहणारे रक्तपेशींचे बारीक ठिपके. दिव्याचा प्रकाश मंद करता येतो ही या यंत्राची मोठी जमेची बाजू. जुन्या आरशाच्या यंत्रात या पारदर्शक जीवांचा तपशील उजेडात वाहून जात असे.

पाचापैकी मी साडेतीन गुण देतो. चौकटीसह येणारा नमुना मिळत असेल तर वरचे हजार रुपये खुशाल द्यावेत. तयार पट्ट्यांवर आणि खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नये. लीशमन रंगाची छोटी बाटली, ऊर्ध्वपातित पाणी आणि आच्छादक काचांची डबी त्याच दिवशी घ्यावी. सध्या यंत्र नातीच्या टेबलावर आहे. आजारी पाणपिसू सापडेपर्यंत दर रविवारी दुकानातून नवी पिशवी आणायची, असा तिचा हुकूम आहे.